मर्जी असते, पण ती तल्लफेच्या क्षणी शोधू नका

"सगळं आधीच ठरलेलं असतं, माणसाच्या हातात काही नाही." निपाणी-चिकोडी या सीमाभागात हे वाक्य दोन ठिकाणी हमखास कानावर येतं. एक, पंचांग उघडलेलं असतं तिथं. दुसरं, तंबाखू सोडायचा विषय निघतो तिथं. हल्ली त्याला विज्ञानाचा दाखला जोडतात आणि तो अर्धवट सांगतात, म्हणून हे लिहितोय.

दाखला मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगाचा. वाटेल तेव्हा मनगट हलवायचं. समोर २.५६ सेकंदांत एक फेरा मारणारा ठिपका. हलवावंसं वाटलं तेव्हा ठिपका कुठं होता, ते सांगायचं. मेंदूतली विद्युत हालचाल कृतीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली दिसली, इच्छेची जाणीव मात्र २०० मिलिसेकंद आधी. लगेच निष्कर्ष निघाला की मेंदू आधी ठरवतो, आपल्याला मागून कळतं.

पण एकेका नोंदीत विद्युत हालचालीचा तो चढ नीट दिसतच नाही. चाळीसेक नोंदी, हालचालीच्या क्षणापासून मागे मोजत, एकावर एक ठेवून सरासरी काढावी लागते. मेंदूत चढउतार सतत चालू असतात. त्यांनी हालचाल घडवणारा उंबरठा ओलांडला तेवढ्याच वेळा निवडल्या, तर असा चढ आपसूक तयार होतो, हे मेंदूसंशोधक आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं. शिवाय विनाकारण मनगट हलवण्यात निवडण्यासारखं असतं तरी काय?

कारणं असतात, हे मला पूर्ण मान्य. १९५६ साली राज्यांची सीमा कुठून गेली, आपण कुठल्या बाजूला जन्मलो, यातलं काही आपण निवडलेलं नाही. बुद्धाच्या काळातल्या मक्खली गोसालाचा नियतिवाद, म्हणजे सगळं आधीच ठरलेलं असतं हा विचार, इथून पुढं जाऊन म्हणतो की फेकलेला सुताचा गुंडा उलगडेल तेवढाच उलगडणार, प्रयत्नानं फरक पडत नाही. चूक नेमकी इथं आहे. आपला प्रयत्नही त्या कारणांमधलंच एक कारण आहे.

तंबाखूच बघा. तळहातावर चिमूट, नखाएवढा चुना, अंगठ्यानं मळायचं, दोन थापट्या, बार ओठाआड. चुन्याच्या अल्कलीमुळं निकोटीन तोंडाच्या अस्तरातून झपाट्यानं रक्तात उतरतं. दोनेक तासांत त्यातलं निम्मं उरतं आणि हात पुन्हा चंचीकडं जातो. त्या क्षणी मर्जीला वाव फार थोडा. वाव असतो आदल्या दिवशी: चंची घराबाहेर काढायची, टपरीवरून जाणारी वाट बदलायची, आणि "जेवण झालं की लगेच बडीशेप" असं वेळेसकट ठरवून ठेवायचं. नुसतं "सोडणार" म्हणणं पुरत नाही. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो, त्यामुळं ते दिवस लग्नकार्यात किंवा जत्रेत येऊ देऊ नयेत. एकेक तल्लफ मात्र काही मिनिटांतच ओसरते.

तंबाखू सोडताना तिच्याऐवजी निकोटीनचा गम घेणाऱ्यांचं बहुतेकदा दोन ठिकाणी चुकतं. तो च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो. चुणचुण लागेपर्यंत हळू चावायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचा, असं अर्धा तास. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बार लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा, डॉक्टरांना विचारून. आणि गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नको. चुन्यानं निकोटीन आत ढकललं जात होतं, तर चहा-कॉफीच्या आम्लानं ते अडतं, आणि माणूस म्हणतो, "गम घेऊन पाहिला, माझ्या नशिबातच सुटणं नाही."