प्रॉम्प्टवर श्री

टर्मिनल, म्हणजे संगणकाला टाइप करून हुकूम (कमांड) सोडायची खिडकी, उघडलं की आधी माझं नाव, मग मशीनचं लांबलचक नाव, मग फोल्डरांची वंशावळ. डॉलरचं चिन्ह येईपर्यंत अर्धी ओळ खर्ची पडलेली. आधीच ओळ ८० रकान्यांची, तीही आयबीएमच्या १९२८च्या पंचकार्डांकडून वारशात आलेली. मला फक्त हे पाल्हाळ आखडायचं होतं. रविवारी दुपारी जेवून बसलो. म्हटलं, पाच मिनिटांचं काम.

टर्मिनलमध्ये हुकूम वाचणारा प्रोग्राम म्हणजे बॅश. त्याच्या बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलीतली पीएस-वन ही ओळ प्रॉम्प्टचं, म्हणजे डॉलरपर्यंतच्या या मजकुराचं, रूप ठरवते. मी नावगाव काढलं, हिरवा रंग दिला आणि आजोबांच्या खतावणीसारखं सुरुवातीला '॥ श्री ॥' घातलं. तिथेच माशी शिंकली. टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षराला मोजून चौकोनी खोली. 'श्री'ला किती खोल्या द्याव्यात याचा त्याला काही केल्या उलगडा होईना. वेलांटी एकीकडे, र दुसरीकडे आणि कर्सर भलत्याच ठिकाणी लुकलुकतोय.

श्री काढलं, तर रंग नडला. कमांड लांबली की खालच्या ओळीवर उतरण्याऐवजी त्याच ओळीच्या डोक्यावर बसायची. रंगाचे कोड डोळ्यांना दिसत नाहीत, पण बॅश त्यांचीही अक्षरं मोजतं. त्यांना खास कंसांत कोंडावं लागतं, हे कळेपर्यंत चहाची वेळ झाली.

इथे थांबायला हवं होतं. पण सीडी ही कमांड देऊन फोल्डरात शिरलं की आत काय आहे ते बघायला दरवेळी एलएस टाइप करायचं, हे मला एकदम खटकायला लागलं. म्हणून सीडी नावाचंच फंक्शन, म्हणजे घरगुती कमांड, लिहिलं: आधी सीडी कर, मग एलएस कर. शिवाय त्याच बॅशआरसी फाइलीच्या शेवटी लिहिलं, 'उघडताच कामाच्या फोल्डरात जा.' आता फंक्शनमधली सीडी म्हणजे पुन्हा तेच फंक्शन. मूळ सीडी हवी असेल तर आधी 'बिल्टइन' लिहायचं असतं, ते मी लिहिलं नव्हतं. टर्मिनल उघडायचं, स्वतःलाच हाका मारत सुटायचं, दम संपला की खिडकी गुल.

बरं, फाइल दुरुस्त करावी, तर ती टर्मिनलमधूनच उघडायची मला सवय. फाइल मॅनेजरमध्ये शोधली, तर नावाआधी टिंब असल्यामुळे ती अदृश्य! कंट्रोल-एच दाबल्यावर दिसली. रात्रीचे साडेआठ. मी केलेलं सगळं पुसून टाकलं.

"दुपारपासून काय करत होतास रे?" आईने ताट वाढत विचारलं.

"दोन अक्षरं टाइप करायला लागतात, ती वाचवत होतो."

"मग, वाचली?"