म्हणे, स्टॅबिलायझर असला की पळणारी मुलंही स्थिर येतात!

भाचीने परवा एक फिरता मेसेज पाठवला, ‘शाळेच्या खेळांसाठी स्वस्तात मस्त लेन्स’. खाली तिचा प्रश्न: ‘मामा, मग हीच घेऊ ना?’ पैसे साठवून जेमतेम एक लेन्स घेणार ती पोरगी, आणि तिला हे असले सल्ले!

‘स्टॅबिलायझरवाली लेन्स घ्या, पळणारी मुलंही ब्लर होत नाहीत.’ इथे माझं डोकंच फिरलं. अहो, स्टॅबिलायझर सावरतो ती तुमच्या हाताची थरथर. समोर उडी मारणाऱ्या पोराला लेन्समधली भिंगं कशी धरून ठेवणार? माझं सोडा, कॅननच्या अशा लेन्ससोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं असतं की समोरची व्यक्ती हलल्यामुळे आलेला ब्लर याने जात नाही. विकणाराच सांगतोय! भाचीचा बास्केटबॉलचा फोटो बघा. हॉलमधला, झूम पूर्ण ताणलेला, एफ/५.६ (हा आकडा जितका मोठा, तितका लेन्समधून येणारा उजेड कमी), शटर १/६० सेकंद उघडं. मागच्या स्कोअरबोर्डवरचे आकडे लख्ख, आणि चेंडू टाकणाऱ्या मुलीच्या हाताच्या जागी नुसता पांढुरका पट्टा. स्टॅबिलायझर चालूच होता. त्याने भिंत सांभाळली.

हॉलमध्ये कमी पडतो तो उजेड. एफ/१.८ची लेन्स एफ/५.६च्या जवळजवळ दहापट उजेड घेते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, तोच ठेवून १/६०चं शटर १/५००च्या पुढे जातं; तेवढ्याशा वेळात हात फारसा हलत नाही. म्हणून ५० किंवा ८५ एमएम (हा आकडा मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं), एफ/१.८. झूम नाही, दिसायलाही काही रुबाबदार नाही.

‘झूम जितका जास्त, तितकी लेन्स भारी.’ बरं, अर्धं मान्य. मैदान मोठं असेल तर ८५ तोकडी पडते. कडक उन्हात ५५-२५० एमएमसारखी साधी झूम एफ/५.६, आयएसओ २००वर १/१००० आरामात देते. फुटबॉलला खुशाल तीच घ्या. ऊन उतरलं की मात्र पुन्हा तोच पांढुरका पट्टा.

‘टू-एक्स कन्व्हर्टरने लेन्स दुप्पट.’ कन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारं जादा भिंग. झूम दुप्पट होतो हो, आणि एफ/५.६चं एफ/११. पुढे.

‘माउंट जुळला की कुठलीही जुनी लेन्स चालते.’ माउंट म्हणजे कॅमेऱ्यावरची लेन्स अडकवायची जागा; ती जुळली की लेन्स बसते, हे खरं. पण निकॉनच्या डी३४००, डी५६०० अशा कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटरच नाही. त्यांवर जुनी एएफ-डी लेन्स (हिच्यातही स्वतःची मोटर नसते) लावली तर रिंग हाताने फिरवत बसायचं. बास्केटबॉलला जमतंय का बघा!

भाचीला विचारलं, हॉलचे सामने जास्त की मैदानाचे? ‘सगळे हॉलचेच.’ सेकंडहँड ८५ शोधायला घेतलीय. मोटरवाली.