सहकुटुंब, सावधान, सहलीला!

साल २०२१. करोनामुळे दीड वर्ष घरात बसून माणसं वैतागली आहेत, जुलैचा पाऊस धो धो पडतो आहे आणि लोणावळा पुण्यापासून जेमतेम पासष्ट किलोमीटरवर आहे. अशा वेळी जावं की न जावं, या विचारात भित्रे लोक वेळ घालवतात. तुम्ही जबाबदार आहात. तुम्ही फक्त काळजी किती घ्यायची तेवढं ठरवा. ती भरपूर घ्यावी आणि चारचौघांना दिसेल अशी घ्यावी.

आधी माणसं मोजा. नियम सोपा आहे: 'फक्त घरातलेच'. तुम्ही, सौ., दोन मुलं, आई-बाबा. सहाच जण. मग आई सहज फोनवर ताईला सांगते. ताई म्हणते, आम्हाला काय, तुम्ही जाऊन या. या वाक्याचा अर्थ ज्याला कळत नाही त्याने लग्नच करू नये. म्हणून ताई आणि भावोजी. भावोजी बँकेत काउंटरवर बसतात, दिवसभर त्यांच्यासमोर शे-दीडशे माणसं पासबुकं सरकवतात, पण म्हणून भावोजी परके होत नाहीत. विषाणू नात्यागोत्यातून पसरत नाही, हे एव्हाना सगळ्या महाराष्ट्राने मान्य केलेलं आहे. तो पसरतो तो भाजीवाला, मोलकरीण आणि लिफ्टमधून येणारा कुरियरवाला यांच्यामुळे.

राहता राहिली मावशी. मावशी एकटी राहते. तिने मागच्या मार्चपासून कोणाला उंबरा ओलांडू दिलेला नाही. दुधाच्या पिशव्या साबणाने धुते, वर्तमानपत्र बंद केलंय, वाणसामान दोन दिवस गॅलरीत ठेवून मग आत घेते. अशा माणसाला हवापालट नको? तिला घ्याच. नाही म्हणाली तर 'आमच्याबरोबर यायला कसली भीती' असं जरा दुखावलेल्या आवाजात म्हणा. येते.

झाले नऊ. गाडी सात जणांची आहे, पण मुलं मांडीवर बसतात. लसीचा हिशोबही चोख लागतो: आई-बाबांचे मिळून चार डोस, बाकी पाच मोठ्यांचे एकेक, मुलांसाठी अजून लस नाही. नऊ माणसांत नऊ डोस, म्हणजे माणशी एक. याहून समान वाटप सरकारलाही जमलेलं नाही.

निघण्यापूर्वी सर्वांचं तापमान बंदुकीने मनगटावर मोजा. ब्याण्णव फॅरनहाइट येईल. वैद्यकशास्त्राप्रमाणे एवढ्या तापमानाचा माणूस उपचारासाठी हलवावा लागतो, पण आपल्याला ताप नसल्याशी मतलब. ऑक्सिमीटर आजोबांच्या बोटाला लावा आणि सत्त्याण्णव आकडा आला की टाळी वाजवा. मग गाडीच्या सीटांवर, दारांच्या मुठींवर, डिकीवर आणि चुकून चिवड्याच्या डब्यावर सॅनिटायझर फवारा. आता काचा घट्ट लावून एसी सुरू करा आणि आतलीच हवा आत फिरवणारं बटण दाबा. हा विषाणू हवेतून पसरतो असं डॉक्टर मंडळी हल्ली सांगू लागली आहेत. म्हणूनच बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही. एकाच हवेत नऊ जण दोन तास गाण्याच्या भेंड्या खेळले की फुप्फुसांचा व्यायामही होतो. घशात खवखव असली तरी भावोजींना वरची पट्टी सोडू देऊ नका. टोलनाक्यावर मात्र सावध राहा! अर्थात फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे तिथल्या माणसाच्या हाताला हात लागण्याचं महासंकट टळलेलं आहे.

मास्क सगळ्यांनी घालायचा. हनुवटीवर. तो तिथून नाकावर चढायला अर्धा सेकंद लागतो आणि नाकाबंदीचा पोलीस त्याहून आधी दिसतो. तरीही पकडले गेलात तर पाचशे रुपयांची पावती फाडून घ्या, फास्टॅगशेजारी चिकटवा आणि पुढे निघा. काही मंडळी तिला परवाना समजतात. समजू द्या.

पोलिसाने 'कुठे निघालात' असं विचारलं तर यंदा फारसं घाबरायचं कारण नाही. जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास आता निर्बंधांच्या पाचव्या, सर्वांत कडक स्तरातल्या जिल्ह्यांपुरताच उरला आहे आणि आपण कितव्या स्तरात आहोत, तिथे चारनंतर काय बंद होतं आणि पाचनंतर काय, हे कोणाच्याच नीट लक्षात नसतं. ठणकावून सांगेल तो खरा. मागच्या वर्षी फार हाल होते. पाससाठी सबळ कारण द्यावं लागे, आणि त्या काळात कितीतरी कुटुंबांतल्या आत्या दोन-दोनदा वारल्या. ज्यांना अशी सोयीची आत्या नव्हती त्यांनी एप्रिल २०२० मधला आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा. सगळा देश कडीकुलपात असताना एका बड्या उद्योगपती घराण्यातली आणि त्यांच्या लवाजम्यातली मिळून २३ माणसं पाच गाड्या घेऊन खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचली. सोबत गृहखात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं पत्र होतं, कारण होतं कुटुंबातली तातडीची निकड. पुढे बोभाटा झाल्यावर मंडळींना पाचगणीत विलगीकरणात ठेवलं, म्हणजे मुक्काम वाढला. अधिकाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, म्हणजे तेही सुट्टीवर गेले. कारवाई कशी असावी तर अशी.

भुशी डॅमला जिल्हाधिकाऱ्यांची बंदी आहे. त्यामुळे तिथे चिटपाखरू नसणार, हे तुम्ही बरोबर ताडलंत. तुमच्यासारख्याच हजारो सुज्ञांनी ते ताडलेलं असतं आणि ते सगळे तुमच्या पुढेमागे गाड्यांच्या रांगेत उभे असतात. त्यांच्याकडे पाहून 'लोकांना अक्कलच नाही' असं म्हणायला विसरू नका. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीत हे वाक्य एकदा तरी उच्चारलं जातं. परवाच पंतप्रधानांनी थंड हवेच्या ठिकाणी होणाऱ्या विनामास्क गर्दीबद्दल चिंता व्यक्त केली. आपल्यालाही वाटते. गर्दी नेहमी इतरांची असते, आपलं ते फक्त कुटुंब असतं.

बंदीच्या अलीकडे एखादी भज्यांची टपरी अर्ध शटर ओढून चालू असतेच. तिथे सहा फुटांच्या अंतरासाठी आखलेले चुन्याचे गोल गेल्या वर्षीच पावसाने धुऊन नेले. कांदाभजी हाती येताच मास्क काढावा, कारण भजी मास्कमधून जात नाहीत. एका ताटलीत नऊ हात असले तरी चालेल, सगळ्यांनी हात सॅनिटाइझ केलेत. मग फोटो. फोटोत मास्क नको, चेहरे ओळखू आले नाहीत तर सहल झाली हे कळणार कसं? खांद्याला खांदा लावा, मावशीला मधे घ्या. खाली 'सर्व काळजी घेऊन' असं लिहून कौटुंबिक ग्रुपवर टाका. लगेच दुसरी मावशी आणि साताऱ्याचे काका 'आम्हाला का नाही सांगितलं' म्हणून रुसतील. त्यांच्यासाठी सप्टेंबरात कास पठार काढता येईल.

घरी परतल्यावर कपडे थेट बादलीत टाका, गरम पाण्याने आंघोळ करा, चिक्कीची पाकिटं पुसा. चौथ्या दिवशी भावोजींना कणकण वाटेल. ती पावसात भिजल्यामुळे. पाचव्या दिवशी ताईला खोकला येईल, तो भज्यांच्या तेलाने. सौ.ना फोडणीचा वास येईनासा झाला तर मोहरीच जुनी असणार. चाचणीच्या फंदात पडू नका. चाचणीत काहीही निघू शकतं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर नाव आलं की वर्षभराची अब्रू जाते. काढा घ्या, वाफ घ्या, भावोजींना उगाच रजा टाकायला लावू नका.

मावशीला ताप आला तर मात्र तिची नीट खरडपट्टी काढा. इतकं सांगूनही दुधाच्या पिशव्या धुताना कुठेतरी हयगय केलेली असणार. तिचा दूधवाला मला पहिल्यापासूनच संशयास्पद वाटत होता.