पान 112 नंतर थेट 119

माण तालुक्यात एक विहीर आहे, 18 फूट खोल. माझ्या विद्यार्थिनीनं एमएच्या लघुप्रबंधात ती चुकून 81 फूट टाइप केली. तिच्या नजरेतून सुटलं, माझ्याही सुटलं. 42 विहिरींचा तक्ता, त्यातली ही 27वी ओळ. पुढे दीड वर्षानं एका जर्नलमध्ये भूजलावरचा एक शोधनिबंध वाचायला मिळाला. त्यातही 42 विहिरींचा तक्ता होता आणि 27वी विहीर 81 फूट खोल होती.

निबंधावर नाव दुसऱ्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांचं. तिच्या तोंडी परीक्षेला तेच बहिःस्थ परीक्षक होते. लघुप्रबंधाची एक प्रत आम्हीच त्यांच्या हातात दिली होती.

ही मुलगी 2018च्या एप्रिल-मेमध्ये एसटीनं फाट्यापर्यंत जायची, तिथून कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून विहिरीपर्यंत. सुतळीला दगड बांधून आत सोडायची, ओली खूण बघून पाण्याची पातळी धरायची आणि मग सुतळी बांधावर सरळ पसरून टेपनं मोजायची. पावसाळा संपल्यावर पुन्हा त्याच 42 विहिरी. वहीत प्रत्येक विहिरीपुढे मालकाचं नाव, मोटर किती एचपीची, उसाला पाणी जातं की ज्वारीला, सगळं. ती वही आजही माझ्या कपाटात आहे. चोरी झाली ती या उन्हाची झाली, नुसत्या तक्त्याची नाही.

जानेवारी 2021मध्ये मी संपादकांना मेल केला. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले, लघुप्रबंध जमा केल्याची कॉलेजच्या शिक्क्याची पावती जोडली. उत्तर नाही. तीन वेळा आठवण केली, तरी नाही. दोन महिन्यांनी सहज तो अंक उघडला तर निबंध गायब! अनुक्रमणिकेतली ओळही गेलेली. पीडीएफमध्ये पान 112 संपतं आणि पुढचं पान 119 आहे. मधली सहा पानं काढून टाकली, पण पुढचे आकडे बदलायचे राहून गेले. का काढली, कुणाच्या तक्रारीवरून काढली, एक अक्षर नाही.

तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, "मॅडम, काढलं ना त्यांनी? झालं तर मग. कशाला वाढवताय? सरांच्या रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत." मीही गप्प बसले. आज ही पोस्ट लिहितेय ती त्या गप्प बसण्याची किंमत ती मुलगी भरतेय म्हणून.

तिनं पीएचडी त्याच 42 विहिरींवर पुढे नेली. या वर्षी प्रबंध तपासणीला गेला आणि सॉफ्टवेअरनं 31 टक्के साम्य दाखवलं. सगळ्यात मोठा स्रोत कोणता? तोच निबंध. जर्नलनं आपल्या साइटवरून पानं काढली, पण सॉफ्टवेअरच्या साठ्यात ती तशीच होती. यंत्राच्या हिशेबात आधी छापलं ते सरांचं, नंतर लिहिलं ते हिचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018च्या वाङ्मयचौर्य नियमांनुसार 10 ते 40 टक्क्यांच्या टप्प्यात विद्यार्थ्याला सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. म्हणजे जिनं विहिरी मोजल्या तिनं आपलेच आकडे वेगळ्या शब्दांत लिहायचे. विद्यापीठात सांगितलं गेलं, जर्नलकडून तसं पत्र आणा. जर्नलला फोन केला तर उत्तर आलं, "असा निबंध आमच्याकडे कधी छापलाच गेला नाही."

चोरी एका माणसानं केली. पण ती निस्तरायची ज्यांची जबाबदारी होती त्यांनी पुरावाच पुसला, आणि मला हे दुसरं जास्त गंभीर वाटतं. चोरीला निदान लाज तरी असते. ही पुसापुशी लोक सभ्यपणा म्हणून करतात, समजूतदारपणा म्हणून करतात.

आणि हे कसं हाताळायचं ते कुणाला ठाऊक नाही असंही नाही. 1997मध्ये ब्रिटनमध्ये काही वैद्यकीय जर्नल्सचे संपादक याच अडचणीतून एकत्र आले आणि 'कोप' ही संशोधन-प्रकाशनातली नीतिमत्ता बघणारी संस्था उभी राहिली. तक्रार आली की काय करायचं याचे तिचे तक्ते कुणालाही फुकट बघता येतात. आधी लेखकाला विचारा, उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच्या संस्थेला कळवा, निर्णय झाला की तक्रारदाराला सांगा. निबंध मागे घ्यायचा ठरला तर तो गुपचूप काढायचा नाही. तो जागेवरच ठेवायचा, त्यावर ठळक शिक्का मारायचा, आणि कुणी मागे घेतला व का, हे सांगणारी नोटीस सगळ्यांना फुकट वाचता येईल अशी जोडायची. आपल्याकडची कितीतरी जर्नल्स आपल्या साइटवर 'आम्ही कोपचे नियम पाळतो' असं छापतात. या जर्नलच्या साइटवरही ते वाक्य होतं.

'लॅन्सेट'चं उदाहरण बघा. लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा, 12 मुलांवरचा तो कुप्रसिद्ध निबंध 1998मध्ये छापला गेला. तो पूर्ण मागे घ्यायला 2010 उजाडलं. बारा वर्षं! त्या काळात किती आईबापांनी मुलांना लस द्यायचं टाळलं. एवढ्या मोठ्या जर्नलनं केलेली ही दिरंगाई अक्षम्यच आहे. पण निबंध आजही त्यांच्या साइटवर आहे, त्यावर मागे घेतल्याचा शिक्का आहे. कुणी तो पुरावा म्हणून नाचवला तर शिक्का दाखवता येतो. 2023मध्ये हिंदावी या प्रकाशनानं 8,000हून जास्त निबंध मागे घेतले. नामुष्कीच ती, पण ती मोजता येते, कारण नोंद आहे. आमच्या त्या सहा पानांची नोंद कुठे आहे?

आपल्याकडे हे एवढं का माजलं, ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. 2010मध्ये एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकांच्या कामगिरीचे, गुण आले, बढतीसाठी छापील पानं मोजली जायला लागली आणि दुकानं निघाली. चर्चासत्र, त्याचा विशेषांक, आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी नंबर, आठ दिवसांत स्वीकृतीचं पत्र. मीही 2013मध्ये 1,200 रुपये भरून अशा एका विशेषांकात निबंध छापला होता. तो कुणीही तपासला नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी तो फाइलला लावला. हे लिहिताना लाज वाटते, पण लपवून पुढचं बोलायचा मला हक्क नाही.

त्याच वर्षी 'सायन्स' या जर्नलसाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम चुका पेरलेला एक खोटा निबंध 304 जर्नल्सकडे पाठवला होता. 157 जणांनी स्वीकारला. निबंध पाठवलेल्या त्या 304 जर्नल्सपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातली होती. पुढे यूजीसीनं मान्य जर्नल्सची यादी केली, तर 2018मध्ये पुण्यातल्याच संशोधकांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की विद्यापीठांच्या शिफारशीनं त्या यादीत आलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या जर्नल्सपैकी 88 टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची असू शकतात. मे 2018मध्ये 4,305 जर्नल्स यादीतून काढली गेली. मग यूजीसी-केअर ही चांगल्या जर्नल्सची नवी यादी आली, तिचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. तर लोकांनी केअरमधल्या जर्नल्सच्याच नावानं हुबेहूब बनावट साइट्स काढल्या. फेब्रुवारी 2025मध्ये केअरची यादीही बंद झाली. आता जर्नल बरं की वाईट हे विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी स्वतः ठरवायचं.

यादी असावी की नसावी यावर हवं तेवढं भांडू. पण आतापर्यंतची सगळी भांडणं निबंध छापायच्या आधीची आहेत. छापल्यावर खोटं निघालं तर काय, हे कुणी विचारत नाही. यूजीसीच्या 2018च्या त्याच नियमांत याचीही सोय आहे. तक्रार आली की विभागाच्या समितीनं 45 दिवसांत अहवाल द्यायचा. मी त्या प्राध्यापकांच्या कॉलेजलाही 2021मध्येच रजिस्टर्ड पोस्टानं तक्रार पाठवली होती. पोचपावती आहे, उत्तर नाही. 

मला संपादकांची अडचण कळते. छोटी जर्नल्स खिशातले पैसे घालून चालतात, परीक्षकांना मानधन नाही, कोर्टकचेरीची भीती असते. पण एका पानाची नोटीस लिहायला पैसे लागत नाहीत. 'हा निबंध मागे घेतला आहे, कारण यातला तक्ता दुसऱ्या व्यक्तीच्या अप्रकाशित लघुप्रबंधातून घेतला आहे.' एवढी एक ओळ असती, तर ती मुलगी आज विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवत नसती. तिचं नावही घालू नका, पण ओळ घाला. जे संपादक, जे प्राचार्य हे वाचत असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: आलेल्या तक्रारीला उत्तर द्या. तक्रार चुकीची वाटली तर तसं लिहून द्या. आणि बरोबर ठरली तर पानं फाडू नका.

मागच्या रविवारी आम्ही दोघी 27 नंबरच्या विहिरीवर गेलो. मे महिना, विहीर कोरडी ठाक, तळातले दगड दिसत होते. मालक म्हणाले, "पुन्हा मोजताय व्हय? एवढ्या वर्षांत ती काय खोल झाली न्हाय." तिनं टेप आत सोडला, मी वरून फोटो काढला. 18 फूट. लघुप्रबंधातली तिची चूक, त्या निबंधात जशीच्या तशी आलेली तीच चूक, 2018ची वही आणि हा फोटो, असं या चारही पुराव्यांचं एकत्र स्पष्टीकरण आम्ही तयार केलंय. जुन्या अंकाची मी तेव्हा उतरवून ठेवलेली पीडीएफ आहे, तीही जोडतोय. सोमवारी विद्यापीठात द्यायचं आहे.