‘पक्षी उडवा, फोटो मिळवा’: त्या पाच गुरुमंत्रांना उत्तर

गेला महिनाभर पुण्यातल्या पक्षीवेड्यांच्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘पुण्याजवळ एका रविवारात भन्नाट पक्षीफोटो: पाच गुरुमंत्र’. मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘तुझ्या कामाचं आहे’ असं वर लिहून. वीस वर्षं मी पक्ष्यांचे फोटो काढतोय, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

‘सहाशे एमएमची लेन्स घ्या, बाकी आपोआप होतं.’ लेन्स हवी, खोटं कशाला बोलू. पण फ्रेडरिक चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी शिवालिकच्या जंगलात वाघाचे फोटो मिळवले ते वाटेवर तार लावून. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडायचा, म्हणजे बटण वाघानेच दाबलं म्हणा ना. चॅम्पियनला माहीत असावं लागे ते एवढंच, की वाघ याच वाटेने येणार. हे ‘एवढंच’ कुठल्याही दुकानात मिळत नाही.

‘भिगवणला होडीवाल्याला शंभर रुपये जास्त द्या आणि होडी थव्यात घाला, रोहित (फ्लेमिंगो) उडाले की गुलाबी पंख मिळतात.’ हा मंत्र सगळ्यात लोकप्रिय, कारण तो चालतो. रोहित उभा असतो तेव्हा बराचसा पांढुरकाच दिसतो, खरा रंग पंखांत. पण रोहित चिमणीसारखा भुर्रकन उडत नाही. त्याला पाण्यावर धावत जाऊन अंग उचलावं लागतं. त्याआधी तो मान खाली, चोच उलटी करून चिखल गाळत असतो. होडी घुसली की ते जेवण थांबलं. हिवाळ्यात सकाळी सहापासून दहापर्यंत दर अर्ध्या तासाला एक होडी, प्रत्येक होडीत एक मंत्र वाचलेला हौशी, असा हिशेब करून बघा.

मागे माझ्या शेजारच्या होडीतल्या एका गृहस्थांनी हीच फर्माईश केली. होडीवाले दादा बांबू चिखलात रोवून शांतपणे म्हणाले, “सायेब, आज उठवलं तर उद्या हितं बसायचे न्हाईत. मग उद्याच्या गिऱ्हाइकाला काय दावू, शेवाळ?” धंद्याचं गणितही मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. आणि पंखच हवे असतील तर थांबा. रोहित आळस देताना पंख ताणतो, जोडी जमवायच्या दिवसांत तर पंख उघडून चक्क मिरवतो.

‘नवरंग दिसत नसेल तर मोबाइलवर त्याची शीळ लावा.’ नवरंग हा रंगीबेरंगी छोटा पक्षी पावसाच्या तोंडावर सिंहगडाच्या दरीत येतो तो घर मांडायला. ती शीळ ऐकून त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. खाणंपिणं सोडून तो धावून येतो. तुम्हाला मिळतो तो भांडायला आलेला नवरंग, आणि त्याला भांडायला सापडतो तुमचा फोन.

आता चौथा. ‘घरट्याजवळ ट्रायपॉड लावा, पक्षी पिल्लांसाठी परत येतोच, त्याचं काही बिघडत नाही.’ यावर मी जरा जास्त बोलणार, कारण हे मी स्वतः केलेलं आहे.

दिवे घाटाच्या वरचा माळ, एप्रिल, दुपारचे बारा. टिटवीची चार अंडी उघड्या जमिनीवर, मातकट, काळपट ठिपक्यांची, टोकं आत करून ठेवलेली. मी पंधरा फुटांवर ट्रायपॉड मांडून बसलो. ती डोक्यावर ओरडत फिरत राहिली. मी मनात म्हटलं, सवय होईल. थोड्या वेळाने ती शेताच्या पाटाकडे गेली, परत आली तेव्हा पोटाची पिसं भिजून चिकटलेली होती. टिटवी कडक उन्हात अंडी गार ठेवायला पोट भिजवून आणते, हे मी वाचलं होतं. समोर बघत होतो आणि तरी डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. ती अंड्यांपर्यंत यायची, मला बघून माघारी फिरायची, आणि ते पाणी अंड्यांऐवजी दगडांवर ठिबकायचं. ‘टिटवी देखील समुद्र आटवते’ ही म्हण आपण वापरतो, पण त्या गोष्टीतली टिटवी समुद्राशी भांडायला निघाली ती अंड्यांसाठीच, हे विसरतो. मी सामान गुंडाळून उठलो. किती मिनिटं उशीर केला होता, ते घड्याळात बघायचा धीर झाला नाही.

भावनेचं सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या काढून वाचा. रानपक्ष्यांच्या अंड्यांशी, घरट्यांशी छेडछाड करणंही तिच्यात बसतं. त्याला बंदूक लागत नाही.

‘लाइव्ह लोकेशन टाका, दिल्याने ज्ञान वाढतं.’ एखाद्या खाणीतल्या शृंगी घुबडाचा पत्ता शंभर जणांना गेला की तो शंभर जणांपुरता राहत नाही. दिवाळीच्या अमावास्येला जादूटोण्यासाठी घुबडं मारली जातात, हे मेसेज लिहिणाऱ्याने ऐकलेलं नसेल असं मला वाटत नाही.

मेसेजच्या शेवटी समारोप आहे: ‘फोटो बोलतो, तो कसा काढला हे कोण विचारतं?’ विचारतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. लांडगा बहुधा माणसाळलेला होता असं परीक्षकांचं मत झालं आणि २०१० च्या जानेवारीत ते काढून घेतलं. फोटोग्राफरने आरोप नाकारला, पण बक्षीस गेलं ते गेलंच.

टिटवीचा तो फोटो माझ्या हार्ड डिस्कवर आहे. फोकस अचूक आहे, पिसांवरचा थेंब न् थेंब दिसतो. स्पर्धेच्या अर्जात ‘फोटो कसा काढला’ असा रकाना असतो, म्हणून मी तो कुठेच पाठवलेला नाही.