वीस श्वासांनी दम वाढत नाही

पाण्याखाली भाल्याने मासे मारायचा एक मेसेज सध्या नागपुरातल्या पोहणाऱ्या पोट्ट्यांमध्ये फिरतोय. बुडीआधी वीस वेळा जोरजोरात श्वास घ्या, रक्तात ऑक्सिजन दुप्पट होतो. रबराचा हातभाला साधाच, धोका नाही. मासा दिसतो त्याच्या जरा खाली मारा. एकटेच जा, मासे बुजत नाहीत. यातलं पहिलं वाक्य जीव घेणारं आहे.

धडधाकट माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच 97-98 टक्के भरलेला असतो, दुप्पट व्हायला जागाच नाही. भराभर श्वासांनी घटतो तो कार्बन डायऑक्साइड. तो वाढला की 'आता वर चल' म्हणून शरीर ओरडतं. तो घटवला की दम तेवढाच राहतो, ओरड मात्र उशिरा येते. 10 मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, म्हणून उरलासुरला ऑक्सिजन तिथे पुरतो. वर येताना दाब उतरतो आणि शेवटच्या काही मीटरांत शुद्ध जाते.

उथळ पाण्यातही हे घडतं. इथल्याच एका तरणतलावात मी पाहिलंय. एक पोरगा काठाला धरून भात्यासारखा श्वास घेत होता. "बोटांना मुंग्या आल्या, ऑक्सिजन भरला," म्हणाला आणि खाली गेला. थोड्या वेळाने त्याचे हात थांबले. धडपड नाही, काही नाही, तोंड फरशीकडे. मित्राला वाटलं, दम धरून आहे. आम्ही दोघांनी ओढून काढला, वाचला. त्या मुंग्या कार्बन डायऑक्साइड घटल्याच्या होत्या.

आता भाला. मागचा रबरी फास अंगठ्याच्या बेचक्यात अडकवायचा, हात दांड्यावर पुढे सरकवून ताणायचा, मूठ सोडली की भाला सुटतो. मार काही फुटांचाच, म्हणून मासा जवळ येईस्तोवर तळाशी निपचित थांबावं लागतं. म्हणजे साध्या भाल्याला दम जास्त लागतो.

'खाली मारा' हे काठावर उभं राहून मारणाऱ्यासाठी बरोबर. पाण्यात काचेच्या मास्कमधून मासा एकचतुर्थांश जवळ दिसतो, म्हणून घाई होते आणि भाला अपुरा पडतो.

याच मेसेजसोबत तोतलाडोहला जायचे बेतही ऐकतोय. तो जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, मासेमारीला बंदी आहे.

आणि एकटं तर कुठेच जाऊ नका. एक खाली, एक वर. वर आल्यावर घेतलेला श्वास मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यात कित्येकांची शुद्ध जाते. म्हणून वर आल्यानंतर निदान 30 सेकंद जोडीदाराने मासा विसरून तुमच्या तोंडाकडे बघत राहायचं.