रजबशेटचे एकवीस छटाक

पीएचडीला नाव नोंदलंत ना? मग आधी एक करा, विषय कोणाला सांगू नका. बर्डीवर कोणी ओळखीचा भेटला, 'कशात करून राहिला?' म्हणाला, तर 'इतिहासात' एवढं बोलून संत्र्यांचा भाव काढा. फारच खोदलं तर 'मराठाकालीन' म्हणा. त्याच्या पुढे एक शब्द गेला की विषय गेला. नागपुरात विषय चोरणाऱ्यांच्या टोळ्या फिरतात, हे तुमच्या गाईडनं सांगितलं असेलच. मला सांगितलं होतं. सहा वर्षांत टोळीतला एकही इसम मला दिसला नाही, पण ते माझ्या सावधपणाचं यश.

गाईड हा कुंकवाचा धनी, तो एकच असतो. शेजारच्या कॉलेजातल्या सरांनी तुमच्याच काळावर तीस वर्षं घासलेली असली तरी त्यांच्या दारात उभं राहायचं नाही. राहिलात तर संध्याकाळपर्यंत बातमी पोचते, आणि 'तिकडं गेला होता म्हणे' या चार शब्दांवर तुमचा सिनॉप्सिस पुढच्या बैठकीवर जातो. आमच्या दोन सरांचं भांडण एका खुर्चीवरून झालं होतं म्हणतात. खुर्ची केव्हाच भंगारात गेली.

शोधगंगा तर उघडूच नका. देशभरातले प्रबंध तिथं फुकट वाचायला ठेवलेत, आणि तुमच्या विषयावर कोणीतरी आधीच लिहून बसलाय हे पहिल्याच वर्षी कळलं तर झोप उडते. तेच व्हायव्हात कळलेलं बरं. २०२२ च्या यूजीसी नियमांनी सहा वर्षं दिलीच आहेत, तोवर सुखानं राहा.

परिसंवादाला मात्र जरूर जावं. कापडी पिशवी मिळते, पेन मिळतं, प्रमाणपत्र मिळतं. आपला पेपर सात मिनिटांत वाचायचा, 'वेळेअभावी' म्हणून खाली बसायचं आणि प्रश्नोत्तरांच्या आत जेवणाच्या रांगेत लागायचं. रांगेतला पुढचा माणूस आपल्याच विषयातला निघाला तर जिलबीकडे बघत राहावं.

जुन्या इतिहासकारांना एवढी अक्कल नव्हती. जदुनाथ सरकार बंगालचे, गोविंद सखाराम सरदेसाई आपले. एकाचं फारसीवर प्रभुत्व, दुसऱ्याची हयात मराठी कागदांत गेलेली. दोघांनी आपापलं दप्तर छातीशी धरून बसायचं, तर हे दशकानुदशकं एकमेकांना पत्रं लिहीत राहिले. अडलं की विचारायचं, समोरच्यानं सांगून टाकायचं! पेशवे दफ्तरातले निवडक कागद सरदेसायांनी ४५ खंडांत छापले आणि पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार दोघांनी मिळून काढला. ते बोलले नसते तर आमची संदर्भसूची दोन पानांत आटोपली असती.

हा सगळा उपदेश मी स्वतः पाळलेला आहे, म्हणून अधिकारानं सांगतो. माझे कागद नागपूरकर भोसल्यांच्या काळातले, मोडीतले. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नसतो, आणि नेहमीचे शब्द एका अक्षरापुढे दोन उभ्या रेघा मारून संपवतात. मौजेचा मौ॥, मुक्कामाचा मु॥. एवढं मी पुस्तकावरून शिकलो. अडला तो 'छ'. एका पत्राच्या शेवटी 'छ २१ रजब', दुसऱ्याच्या शेवटी 'छ ५ सफर'. महिना गेला. विचारणार कोणाला? विषय फुटला असता.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी, बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर आणि आत कूलर नुसताच खडखडत असताना, मला साक्षात्कार झाला. छ म्हणजे छटाक!

पुढचं आपोआप उलगडत गेलं. रजब हा व्यापारी. त्याला एकवीस छटाक माल पोचला. 'छ ५ सफर' म्हणजे प्रवासाची पाच छटाक शिदोरी. 'छ १२ रमजान' सापडलं तेव्हा रजबशेटचा भागीदारही हाती लागला. माल कोणता ते पत्रात नव्हतं, वजन बघून मी केशर धरलं. आकडा कुठंच तिसाच्या वर जात नव्हता, त्यावरून भोसल्यांनी बाजारावर कडक नियंत्रण ठेवलं होतं असा सिद्धांत मांडला. अडतीस पानं, चार तक्ते, एक रंगीत आलेख. गाईडनं पानोपानी सही केली.

ग्रंथालयात माझ्या समोरच्या खुर्चीवर तीन वर्षं एक काका बसायचे. भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशात लाल पेन. मी वहीवर कोपर ठेवून लिहायचो. एके दिवशी माझं पेन बंद पडलं. त्यांचं मागायला हात पुढे केला आणि कोपर उचललं गेलं.

'छ एकवीस रजब,' काका वाचून गेले, दुकानाची पाटी वाचावी तसे. 'म्हणजे रजबचा एकविसावा चंद्र. तारीख आहे न जी ती.'

'आणि सफर?'

'तोही महिनाच. मोहरमच्या नंतरचा. काहून, तुम्ही काय समजून राहिले होते?'

मी पाणी प्यायला उठलो.

परत आलो तेव्हा टेबलावर चार लांब वह्या होत्या. माझ्याच रुमालातली, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातली, सगळी पत्रं बाळबोधीत उतरवलेली, आणि प्रत्येक 'छ'समोर लाल शाईत इंग्रजी तारीख. 'घेऊन जा,' काका म्हणाले, 'घरी नुसत्याच पडल्या असतात.'

असा प्रसंग तुमच्यावर आलाच तर भावुक होऊ नका. वह्या घ्याव्यात, नाही म्हटलं तर वडीलधाऱ्यांचा अपमान होतो. कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला कोणाच्या घरच्या वहीतलं काही दिसत नाही, आणि दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला २०१८ च्या नियमांत दंडही नाही. ऋणनिर्देशात गाईड, विभागप्रमुख, प्राचार्य, ग्रंथपाल, सौभाग्यवती आणि अक्षरजुळणी करणारे बंधू एवढे घ्यावेत. काकांचं नाव तिथं शोभत नाही. ते डॉक्टर नाहीत, प्राध्यापक नाहीत. शिवाय परीक्षकानं 'हे कोण?' विचारलं तर मोडी कोणी वाचली तेही सांगावं लागेल.

माझं तिसरं प्रकरण आता नवं झालंय, 'पत्रव्यवहाराचा कालानुक्रम'. आलेखसुद्धा वाया गेला नाही. तोच ठेवला, खालचं 'वजन' पुसून 'दिनांक' घातलं.

काका अजून समोरच बसतात. अकराच्या सुमारास पोहे खाऊन येतात, चष्मा पुसतात, आणि माझ्याकडे न बघताच विचारतात, 'मग, काय म्हणून राहिले रजबशेट?'

'बरे आहेत,' मी म्हणतो, आणि वहीवरचं कोपर जरा पुढे सरकवतो.